क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, तरी मूत्रपिंड धोक्यात

स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटलेल्या अवस्थेत जन्मलेल्या मुलांची मूत्रपिंडं सुरुवातीला बहुधा ठणठणीत असतात. बिघाड होतो तो पुढे, आणि तोही खालून वर. कण्यातल्या मज्जातंतूंचा ताबा नसल्याने मूत्राशय आकुंचन पावतं त्याच वेळी त्याचं तोंड मात्र घट्ट मिटून राहतं. आतला दाब वाढतो, मूत्रपिंडाकडून येणारी लघवी खाली उतरत नाही, काही मुलांत ती उलटी वर चढते. त्यात जंतुसंसर्ग झाला की मूत्रपिंडावर व्रण उमटतात. हे सगळं घडत असताना मूल खेळत असतं, जेवत असतं. दुखत काहीच नाही.

पालक विसंबतात ते रक्तातल्या क्रिएटिनिनवर. पण क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत, आणि या मुलांच्या पायांचे स्नायू बारीक असतात. मुळात तयारच कमी होत असेल, तर गाळणी मंदावली तरी आकडा फारसा चढत नाही. १२० सेंटिमीटर उंची आणि क्रिएटिनिन ०.४ असलेलं मूल घ्या. ०.४१३ गुणिले उंची भागिले क्रिएटिनिन, या नेहमीच्या सूत्राने मूत्रपिंडाच्या गाळणीचा वेग येतो १२४. उत्तम! मात्र हे सूत्र चालत्या-फिरत्या, नेहमीच्या बांध्याच्या मुलांना धरून आहे. शिवाय पाठीला बाक, गुडघे आखडलेले, अशा मुलाची उंची तरी अचूक कशी मोजणार? पसरलेल्या हातांची लांबी मोजून काम भागवावं लागतं. म्हणून सिस्टॅटिन-सी ही तपासणी मला या मुलांसाठी जास्त भरवशाची वाटते. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सर्वच पेशी तयार करतात, स्नायूंवर ते फारसं अवलंबून नाही. थायरॉईडचा विकार किंवा स्टेरॉइड चालू असेल तर मात्र तोही आकडा फसवतो.

सोनोग्राफी सोपी, पुन्हा पुन्हा करता येणारी. मूत्राशय भरलेलं असताना आणि रिकामं केल्यावर, अशी दोनदा केली तर मूत्रपिंडाची सूज कळते. लहान व्रण तिला बरेचदा दिसत नाहीत. त्यासाठी डीएमएसए स्कॅन. टेक्नेशियम जोडलेलं औषध शिरेतून देतात, दोन-तीन तासांत ते मूत्रपिंडाच्या जिवंत भागात साठतं आणि गॅमा कॅमेऱ्यात जिथे खाच किंवा रिकामी जागा दिसते तिथे इजा असते. ताप येऊन गेल्यावर लगेच केलं तर तात्पुरती सूजही तशीच दिसते. कायमचा व्रण ठरवायचा तर काही महिने थांबावं लागतं. रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिन या स्वस्त तपासण्या दर भेटीत व्हायला हव्यात. त्या टाळण्याला काही कारणच नाही.

तरीही हे सारे पुरावे इजा झाल्यानंतरचे. धोका आधी कळतो तो युरोडायनॅमिक तपासणीत. एक बारीक नळी मूत्राशयात, दुसरी गुदद्वारात, सलाइन हळूहळू आत सोडायचं आणि दाब नोंदवत जायचं. एडवर्ड मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये दाखवलं, की ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाच्या वर गेल्यावरच ज्यांची लघवी गळते त्यांच्या मूत्रपिंडांना धोका मोठा. याचा अर्थ पालकांना चटकन पटत नाही. सतत ओली होणारी चड्डी हा त्रास खराच, पण कोरडं राहणारं मूल कधीकधी जास्त धोक्यात असतं.

दाब जास्त निघाला तर ऑक्सिब्युटिनिनसारखं औषध आणि दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळीने लघवी काढणं, हा उपचार. नळीची ही पद्धत जॅक लॅपिडिस यांनी १९७२मध्ये मांडली. मूल वाढतं तसं मूत्राशयही बदलतं, आणि उंची झपाट्याने वाढताना मज्जारज्जू ताणला जाऊ शकतो. म्हणून कोरडं राहणारं मूल अचानक गळू लागलं, पाय लटके पडू लागले किंवा पाठ दुखू लागली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाबाची तपासणी पुन्हा करून घ्यावी.