राऊटर घेताना आधी खालची चिठ्ठी वाचा

नांदेड/लातूर : कंपनीने अपडेट बंद केले की घरातला वायफाय राऊटर चालू राहतो, पण सुरक्षेतली भोकं बुजत नाहीत. अशा वेळी 'ओपनडब्ल्यूआरटी' हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तोच डबा पुढं वापरता येतो. मात्र प्रत्येक राऊटरला ते चालत नाही.

अँटेना किती, हे मोजत बसू नका. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम तरी हवी. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ आणि ३२ एमबीच आहे. स्वस्तात मिळाला तरी या कामाला नको.

खरी फसगत आवृत्तीत होते. नाव तेच, आतली चिप वेगळी! बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघतो, तसा राऊटरखालच्या चिठ्ठीवरचा व्हर्जन नंबर बघा. तो ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत असेल तरच पैसे द्या.

फायबरवाल्यांनी बसवलेला डबा कंपनीचा असतो, त्याला हात लावू नये. आपला राऊटर त्याला केबलने जोडावा.

सॉफ्टवेअर टाकताना लाईट गेली तर राऊटर बंद पडू शकतो. उदगीर, मुखेडकडच्या खेड्यांत तर हे काम इन्व्हर्टरवरच करावं, आणि वायफायवरून नव्हे, केबल लावून.