मधल्या फळीतला माणूस

१५ जुलै २०१८ची रात्र आठवते. मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियमवर फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नुकताच संपला होता. फ्रान्सने क्रोएशियाला ४-२ असं हरवलं होतं. बक्षीस समारंभ सुरू झाला आणि पाऊस धो धो कोसळू लागला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'गोल्डन बॉल' जाहीर झाला तो हरलेल्या संघाच्या कर्णधाराला. लुका मॉड्रिच त्याचं नाव. अंगाने किरकोळ, उंची पाच फूट आठ इंच, केस भिजून कपाळाला चिकटलेले. त्याने ते बक्षीस हातात घेतलं, पण चेहऱ्यावर हसू काही उमटलं नाही.

आमच्या घरी टीव्हीसमोर गल्लीतल्या पोरांची गर्दी होती. त्यातला सातवीतला एक मुलगा मला म्हणाला, "काका, ह्याने अख्ख्या स्पर्धेत दोन गोल मारले. एम्बापेने चार मारले, हॅरी केनने सहा. मग बक्षीस ह्याला कसं काय?"

प्रश्न रास्त होता. मला तेव्हा चटकन उत्तर देता आलं नाही. तो मुलगा आता कॉलेजात आहे. त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज तुमच्यासमोर मांडतो.

मॉड्रिच हा मध्यरक्षक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. पुढे आघाडीवीर असतात, ते गोल करतात आणि टाळ्या घेतात. मागे बचावपटू आणि गोलरक्षक असतात, ते गोल वाचवतात. मधल्या फळीचं काम या दोघांना जोडण्याचं. मागून आलेला चेंडू ताब्यात घ्यायचा, तो कुठे, कधी आणि किती वेगाने जायला हवा हे ठरवायचं आणि पुढे द्यायचा. चेंडू हरवला तर तो परत मिळवायला सगळ्यांच्या आधी धावायचं. नव्वद मिनिटांच्या सामन्यात असा खेळाडू दहा-अकरा किलोमीटर सहज पळतो, पण चेंडू त्याच्या पायाशी असतो तो सगळा मिळून दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो बघत असतो, जागा बदलत असतो, विचार करत असतो.

मॉड्रिचचा एखादा जुना सामना बघायला मिळाला तर चेंडूवरची नजर काढून फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू त्याच्याकडे यायला निघण्याआधी तो मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे बघतो, मग डाव्या खांद्यावरून. मागे कोण उभा आहे, मोकळी जागा कुठे आहे, आपला गडी कुठून धावतो आहे, याचा नकाशा त्याच्या डोक्यात तयार असतो. तो चेंडू घेतो तेही अंग अर्धं वळवून, म्हणजे पुढच्या पावलालाच दिशा मिळालेली असते. अंगावर धावून आलेला धिप्पाड गडी पोचतो तेव्हा चेंडू तिथे नसतोच. शरीराची उणीव तो अशी नजरेने भरून काढतो.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांना यात आपलं काहीतरी दिसतं. शेरात दोन ओळी असतात. मुशायऱ्यात 'वाहवा' मिळते ती दुसऱ्या ओळीला, तिथे काफिया येऊन पडतो तेव्हा. पण ती दुसरी ओळ जिच्या खांद्यावर उभी असते ती पहिली ओळ. ती कच्ची असली की काफिया कितीही चमकदार असो, शेर पडतो. मध्यरक्षक ही खेळातली पहिली ओळ आहे.

आता हा माणूस आला कुठून ते पाहू. क्रोएशियात वेलेबित नावाची डोंगररांग आहे. तिच्या उतारावरच्या एका लहानशा वस्तीत तो वाढला. जन्म झादर या समुद्रकाठच्या शहरातला, ९ सप्टेंबर १९८५चा. आईवडील कामाला जात, म्हणून पोर आजोबांजवळ असे. आजोबांचंही नाव लुकाच. लांडग्यांवरच्या एका माहितीपटासाठी त्या डोंगरात चित्रीकरण झालं होतं. त्यात पाच वर्षांचा एक मुलगा अंगात जाड कोट घालून, काठीने शेळ्या हाकताना दिसतो. तोच हा लुका. जगाला हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

१९९१मध्ये युगोस्लाव्हिया फुटला आणि युद्ध पेटलं. त्या डिसेंबरात सर्ब बंडखोरांनी आजोबांना घराजवळच गोळ्या घालून मारलं. पुढे घरही जाळलं गेलं. मॉड्रिच कुटुंब जीव वाचवून झादरला आलं. निर्वासितांना हॉटेलांच्या खोल्यांतून ठेवलं होतं. अशा हॉटेलांतच त्या मुलाचं बालपण गेलं. वडील सैन्यात होते, शहरावर तोफगोळे पडत होते आणि सहा वर्षांचा लुका हॉटेलच्या पार्किंगमध्ये दिवसभर चेंडू मारत होता. हॉटेलातल्या एका माणसाने ते पाहिलं आणि स्थानिक क्लबला कळवलं. तिथून त्याचा खेळ रीतसर सुरू झाला. तोमिस्लाव बाशिच या प्रशिक्षकाने त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

क्रोएशियातल्या हायदुक स्प्लित या मोठ्या क्लबने मात्र त्याला परत पाठवलं. मुलगा फार लहानखुरा आहे, टिकणार नाही, असं त्यांचं मत पडलं. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' असं आपण म्हणतो खरं, पण ते कीर्ती झाल्यावर. आधी मूर्तीच मोजली जाते.

पुढे राजधानीतल्या दिनामो झाग्रेबने त्याला घेतलं आणि अठराव्या वर्षी उसना म्हणून बोस्नियातल्या मोस्तारला पाठवलं. या शहराबद्दल थोडं बोलायला हवं. मोस्तारमध्ये नेरेत्वा नदीवर १५६६मध्ये बांधलेला एकच कमानीचा देखणा दगडी पूल होता. शहराचं नावच पुलाच्या राखणदारांवरून पडलेलं. ९ नोव्हेंबर १९९३ला तो पूल तोफगोळ्यांनी पाडला गेला. तोफा क्रोएट सैन्याच्या होत्या. शहर दोन भागांत तुटलं, एकीकडे बहुतांश क्रोएट आणि दुसरीकडे बहुतांश मुसलमान. फुटबॉलचे क्लबही तसेच वाटले गेले. सगळ्या जमातींचे खेळाडू ज्यात एकत्र खेळत, त्या जुन्या वेलेज क्लबचं मैदान हातचं गेलं आणि त्या मैदानावर क्रोएटांचा झ्रिन्यस्की क्लब खेळू लागला. मॉड्रिच २००३-०४च्या हंगामात खेळला तो या झ्रिन्यस्कीकडून. मैदानं खडबडीत, खेळ धसमुसळा. तिथे जो निभावला तो कुठेही निभावेल, असं त्याने पुढे सांगितलं. त्या हंगामात तो बोस्नियाच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच सुमाराला नदीवर पुलाची पुन्हा बांधणी चालली होती. जुलै २००४मध्ये तो पूल परत उभा राहिला.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणणार नाही. फुटबॉलने ते शहर जुळलं नाही, उलट तिथे सामन्यांतूनही तेढच दिसली. पण ज्याच्या आजोबांना एका बाजूच्या बंदुकीने मारलं, तो मुलगा त्याच्याच बाजूच्या तोफांनी मोडलेल्या शहरात धंद्याचे पहिले धडे घेत होता, हे मला विसरता येत नाही. युद्धात कुठलीच बाजू स्वच्छ राहत नाही, एवढं तरी त्या शहराच्या भिंती कुणालाही सांगत असतील.

दिनामोला २००६, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून देऊन मॉड्रिच लंडनच्या टॉटनहॅम क्लबमध्ये गेला. इंग्लंडचा दणकट खेळ याला झेपेल का, ही शंका तिथेही होतीच. सुरुवातीला त्याला कधी कडेला, कधी पुढे खेळवलं. प्रशिक्षक हॅरी रेडनॅप यांनी त्याला मैदानाच्या मध्यावर आणलं आणि त्याचा खेळ फुलला. २०१२च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या रेआल माद्रिदने सुमारे तीन कोटी पौंड मोजून त्याला विकत घेतलं.

आणि डिसेंबरात काय झालं? 'मार्का' या स्पेनमधल्या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला त्या मोसमातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं! गोल दिसत नव्हते, नेत्रदीपक काही दिसत नव्हतं. जे तो करत होता ते मोजण्याची सवय कुणाला नव्हती. गल्लीतल्या त्या सातवीतल्या मुलाचा प्रश्न आणि माद्रिदच्या वाचकांचा कौल हे एकच होतं.

मॉड्रिच वाद घालत बसला नाही, खेळत राहिला. मे २०१४मध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती. शेजारचाच अ‍ॅटलेटिको माद्रिद ०-१ असा पुढे होता. नव्वद मिनिटं उलटली, वरची दोन-अडीच मिनिटंही सरली. रेआलला कॉर्नर मिळाला. मॉड्रिचने मारलेला चेंडू बरोबर सर्जिओ रामोसच्या डोक्यावर आला आणि गोल झाला. जादा वेळेत रेआल ४-१ने जिंकला. तो गोल रामोसचा म्हणून अजून सांगितला जातो, आणि ते चूक नाही. पण त्याआधीची पहिली ओळ मॉड्रिचची होती.

दुसरा प्रसंग १२ एप्रिल २०२२चा. छत्तीस वर्षांचा मॉड्रिच, समोर चेल्सी. दोन सामन्यांची बेरीज धरता रेआल एका गोलने मागे, हातात दहा मिनिटं. मॉड्रिचने डाव्या बाजूला चेंडू घेतला आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने असा उचलून दिला की तो बचावपटूंच्या डोक्यावरून वळून नेमका धावत येणाऱ्या रॉड्रिगोच्या पायासमोर उतरला. रॉड्रिगोने तो वरच्यावर जाळ्यात धाडला. पुढे जादा वेळेत रेआलने बाजी मारली आणि त्या वर्षीचा चषकही जिंकला. मॉड्रिच असताना रेआलने हा चषक सहा वेळा उचलला: २०१४, २०१६, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४. या क्लबकडून तो सहाशेच्या आसपास सामने खेळला. त्याचे स्वतःचे गोल किती? त्रेचाळीस.

आता परत २०१८च्या विश्वचषकाकडे. क्रोएशियाची लोकसंख्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढी, चाळीस लाखांच्याही आत. बाद फेरीतले पहिले तिन्ही सामने त्यांना जादा वेळेपर्यंत खेळावे लागले, म्हणजे अंतिम सामन्याआधी फ्रान्सपेक्षा ते एक अख्खा सामना जास्त खेळले होते. डेन्मार्कविरुद्ध जादा वेळ संपत आली असताना मॉड्रिचची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली. काही मिनिटांनी शूटआऊट सुरू झालं. आपण नुकतेच जिथे चुकलो, त्याच जागेवर, त्याच गोलरक्षकासमोर परत जाऊन उभं राहायचं. तो गेला, चेंडू मारला, गोल झाला आणि क्रोएशिया पुढे सरकला. मला विचाराल तर त्याची खरी किंमत त्या चालत जाण्यात आहे.

त्याला मी देवघरात बसवत नाही. दिनामोच्या एका बड्या अधिकाऱ्यावर खेळाडूंच्या विक्रीतल्या पैशांच्या अफरातफरीचा खटला चालला. त्यात २०१७मध्ये मॉड्रिचने दिलेली साक्ष देशातल्या अनेकांना पटली नाही. तो अधिकारी दोषी ठरला. खोट्या साक्षीचा आरोप मॉड्रिचवरही ठेवला गेला, पण २०१८ संपायच्या आत तो फेटाळला गेला. तरी लोकांचा राग एवढा होता की ज्या हॉटेलात तो निर्वासित म्हणून वाढला, त्याच्या भिंतीवर त्याला सुनावणारा मजकूर कुणीतरी रंगवला. विश्वचषकाला तो गेला तो हे ओझं घेऊनच. परतल्यावर झाग्रेबच्या रस्त्यांवर लाखो लोक लोटले. त्या गर्दीत राग धरलेलेही असणारच. त्या डिसेंबरात 'बलोन डी'ओर' हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. त्याआधीची दहा वर्षं तो मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांतच फिरत होता.

२०२२च्या विश्वचषकात सदतिसाव्या वर्षी त्याने क्रोएशियाला तिसरं स्थान मिळवून दिलं. २०२५च्या उन्हाळ्यात अठ्ठावीस चषकांनंतर त्याने माद्रिद सोडलं आणि इटलीच्या मिलान क्लबकडे गेला. सप्टेंबरात चाळीस पूर्ण झाली तेव्हाही तो मैदानात होता.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. त्याने दोन गोल मारले हे खरं, पण बाकीच्यांचे गोल ज्या वाटेने गेले ती वाट त्याने आखली. आपल्याही आजूबाजूला अशी माणसं असतात. घरात, कचेरीत, शाळेत. एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचवणारी, काम अडू न देणारी. गोलफलकावर त्यांचं नाव येत नाही. ती एक दिवस रजेवर गेली की सगळ्यांच्या लक्षात येतं.

पुढच्या वेळी सामना बघताना दहा मिनिटं चेंडू सोडून मधल्या एखाद्या खेळाडूकडे बघा. आणि मग जमलं तर टीव्ही बंद करून घरातही तसंच बघा.