जऊळक्याहून वाशीमला : जुन्या बाजारपेठेची भाषा

ध्वनिपरिवर्तनाचे नियम कागदाबाहेर पाहायचे असतील, तर एखाद्या जुन्या बाजारपेठेला आणि तिच्या भोवतालच्या शिवाराला भेट द्यावी. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळका स्थानकातून आपण वाशीमकडे निघालात, तर त्या शहराचे नावच पहिला धडा देते. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. संस्कृत नाव 'वत्सगुल्म'. प्राकृतात 'त्स'चा 'च्छ' झाला. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त वैदर्भी रीतीला 'वच्छोमी' म्हटले आहे, ते याच नावावरून. मराठीत असा 'च्छ' जाऊन 'स' येतो आणि मागील स्वर दीर्घ होतो : मत्स्य–मच्छ–मासा. पुढे 'ई' असल्यास 'स'चा 'श' होतो, जसे म्हैस–म्हशी. गोठ्यातले 'वासरू' आणि 'वाशीम' ही दोन्ही 'वत्स'चीच वंशज.

चौथ्या शतकातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीमलाच सापडला. त्यातील राजाची वंशावळ संस्कृतात आहे. गाव कोणाला दिले, कोणत्या सवलती दिल्या, हा व्यवहाराचा मजकूर मात्र प्राकृतात आहे. प्रतिष्ठेची भाषा आणि कामाची भाषा यांची ही विभागणी आपल्या परिचयाची नाही काय?

बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ अवश्य पाहावे. परंतु अधिक वेळ बाजार समितीच्या आवारात आणि भोवतालच्या खेड्यांत द्यावा. तेथे 'मला'ऐवजी 'मले', 'डोळा'ऐवजी 'डोया' ऐकू येईल. हे अशुद्ध उच्चार नव्हेत. 'ळ'च्या जागी 'य' येणे ही वऱ्हाडीची नियमबद्ध प्रवृत्ती आहे. पुष्कळ विद्यार्थी कानाने 'डोया' ऐकतात आणि वहीत 'डोळा' लिहितात. (स्वतः वऱ्हाडी बोलणारे तर हमखास!) अशा नोंदीचा अभ्यासाला काहीही उपयोग नाही.

शिवारातील वृद्धांना प्रथम भेटावे. मळणीयंत्र आले आणि खळे गेले. खळ्याबरोबर त्याच्या मधला खांब म्हणजे 'तिवडा', पाच पेंढ्यांचा 'पाचुंदा', धान्य वाऱ्यावर 'उपणणे' हे शब्दही तरुणांच्या बोलण्यातून निघून चालले आहेत. ही शब्दसंपदा आता थोड्या माणसांपाशीच उरली आहे. मात्र 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असे विचारल्यास पुष्कळदा पुस्तकी उत्तर मिळते. त्यापेक्षा जुन्या सुगीची हकीकत सांगण्याची विनंती करावी, मध्ये बोलू नये, आणि शब्द ऐकला तसाच उतरवून त्यापुढे बोलणाऱ्याचे वय, गाव व व्यवसाय लिहावा.