हरणाच्या शिकारीचा परवाना आणि बंदुकीचा परवाना : महाराष्ट्रातील कायदेशीर स्थिती व काही परदेशी तरतुदी

प्रस्तावना

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील वाघोली हे हवेली तालुक्यातील गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. गाव शहरात आले की अनेक कार्यालये बदलतात. त्यांत शस्त्र परवान्याचे कार्यालयही असते. ग्रामीण भागात हा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. या महामार्गाने पूर्वेकडे गेल्यास अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेस श्रीगोंदा व कर्जत तालुक्यांतील माळरानांवर काळविटांचे कळप आढळतात, आणि बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. अशा परिसरात वाडवडिलांची बंदूक ज्या घरात आहे, तेथे एक समज अद्याप टिकून आहे : बंदुकीचे लायसन असले की शिकारीची मुभा असते. हा समज चुकीचा असून त्यामुळे गंभीर शिक्षा ओढवू शकते. प्रस्तुत लेखात या दोन परवान्यांमधील भेद आणि त्यांच्यामध्ये राहून गेलेली एक उणीव यांचे विवेचन केले आहे.

दोन स्वतंत्र कायदे

बंदूक बाळगण्याचा अधिकार शस्त्र अधिनियम, १९५९ मधून मिळतो, तर वन्यप्राण्यावर ती चालवता येईल किंवा नाही, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ठरवितो. एकाची पूर्तता म्हणजे दुसऱ्याची पूर्तता नव्हे. राजस्थानात १९९८ साली घडलेल्या काळवीट प्रकरणात अभिनेते सलमान खान यांच्यावर दोन्ही कायद्यांखाली वेगवेगळे खटले चालले. शस्त्र कायद्याखालील खटल्यात जोधपूरच्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. शिकारीच्या खटल्यात २०१८ मध्ये पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली, जिच्याविरुद्ध त्यांनी अपील केले. दोन्ही खटल्यांचे निकाल परस्परांहून भिन्न लागले, यातच या कायद्यांचे स्वातंत्र्य दिसून येते.

येथे शब्दांविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत आपण काळवीट, चिंकारा, चितळ, सांबर या सर्वांना सरसकट ‘हरीण’ म्हणतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चितळ, सांबर व भेकर ही खरी हरणे होत, कारण त्यांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा आणि विदर्भातील शेतकऱ्यांना त्रस्त करणारा रोही म्हणजेच नीलगाय हे कुरंगवर्गीय प्राणी आहेत. कायदा मात्र या भेदावर नव्हे, तर प्राणी कोणत्या अनुसूचीत आहे यावर चालतो.

१९७२ ते १९९१ : परवान्याचा काळ

भारतात शिकारीचा परवाना कधी नव्हताच, असे नव्हे. मुंबई राज्यात १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा परवान्यावरच आधारलेला होता. १९७२ च्या केंद्रीय अधिनियमानेही प्रारंभी पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांची शिकार पूर्णतः निषिद्ध केली आणि पुढील तीन अनुसूचींतील प्राण्यांसाठी परवान्याची वाट मोकळी ठेवली. चितळ व सांबर ‘बिग गेम’ या वर्गात मोडत.

त्या मूळ अधिनियमातील शिकारीवर निर्बंध घालणारी कलमे आज फारशी कोणी वाचत नाही. वस्तुतः ती वाचनीय आहेत. मादी, पिल्लू आणि शिंगांवर अद्याप मखमली त्वचा असलेला नर यांना मारण्यास मनाई होती. सूर्यास्तानंतर, वाहनातून, कृत्रिम प्रकाशात, पाणवठ्यावर वा खारवणीवर दबा धरून शिकार करता येत नसे. आणि मोठ्या प्राण्यासाठी रायफलच वापरावी लागे. छर्ऱ्याची बंदूक वापरायची झाल्यास तशी विशेष मुभा परवान्यात असणे व छर्ऱ्यांऐवजी एकसंध गोळीचे काडतूस वापरणे आवश्यक होते. म्हणजे कोणता प्राणी मारावा याबरोबरच कोणत्या शस्त्राने मारावा, हेही वन्यजीव कायदाच सांगत होता. छर्ऱ्यांनी जखमी झालेला चितळ लगेच पडत नाही. तो रानात शिरतो आणि कित्येक तास वा दिवस तडफडतो. ही तरतूद त्यासाठी होती.

दि. २ ऑक्टोबर १९९१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आले आणि त्यांच्याबरोबर निर्बंधांची ही कलमे देखील वगळली गेली. शिकारच नाही तर शिकारीचे नियम कशाला, असा त्यामागील सरळ तर्क असावा.

पिकांचे नुकसान आणि कलम ११

तथापि शिकार पूर्णपणे थांबली नाही. कलम ११ अन्वये, पहिल्या अनुसूचीबाहेरील प्राणी मानवी जीवितास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाल्यास त्यास मारण्याची परवानगी लेखी व सकारण आदेशाने देता येते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्यासंबंधी ही प्रक्रिया वनक्षेत्रपाल स्तरावर आणली. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाच्या नुकसानीचे कारण त्यास लागू होत नाही. कर्जतच्या शेतकऱ्यास नुकसानभरपाईवरच अवलंबून राहावे लागते. विनापरवानगी काळवीट मारल्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड होतो.

परवानगी मिळाली तरी ती कोणत्या बंदुकीने अमलात आणावयाची? इथे शेतकरी पुन्हा शस्त्र अधिनियमाकडे येतो. त्यातील कलम १३ नुसार, अन्य अडचण नसल्यास, पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षण वा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या बंदुकीचा परवाना मिळतो. ठासणीची बंदूक पिकासाठी अपुरी असल्याची खात्री पटल्यास अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. रायफलसाठी ‘योग्य कारण’ पटवून द्यावे लागते. परिणामी ज्या प्रकारच्या शस्त्राला १९७२ चा कायदा मोठ्या प्राण्यासाठी अपवाद म्हणूनच मान्यता देत होता, तेच आज शेतकऱ्याच्या हाती नियम म्हणून येते. भरीस भर म्हणजे वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ अन्वये अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीविना देता येत नाही.

परदेशातील तरतुदी

इंग्लंड व वेल्समध्ये बंदुकीचे प्रमाणपत्र पोलीस देतात. परंतु हरणासाठी बंदूक कशी असावी, हे १९९१ चा हरीणविषयक कायदा ठरवितो. रायफलचा व्यास किमान ०.२४० इंच, आणि नळीच्या मुखाशी गोळीची ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड असावी लागते. लहान जातींसाठी काही सवलत आहे. गुळगुळीत नळीची बंदूक निषिद्ध आहे. पिकाचे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यास तेथेही अपवाद दिला आहे, पण बंदूक किमान बारा बोअरची आणि प्रत्येक छर्रा किमान ०.२०३ इंच व्यासाचा असावा, ही अट त्याच कलमात घातली आहे. जर्मनीत लेखी, तोंडी व नेमबाजीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच शिकारीचा परवाना मिळतो. मोठ्या हरणांसाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि शंभर मीटर अंतरावर २,००० ज्यूल ऊर्जा असणे बंधनकारक आहे. न्यूझीलंडमध्ये हरीण हा बाहेरून आणलेला प्राणी असल्याने सरकारी जमिनीवरील शिकारीची परवानगी विनामूल्य मिळते. शस्त्र परवान्याला मात्र सूट नाही.

अमेरिकेत शिकारीचा परवाना राज्यागणिक निराळा असतो. खराडी–वाघोली पट्ट्यातून माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकरीनिमित्त तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक संघराज्यीय नियम ध्यानी ठेवावा : तात्पुरत्या, म्हणजे स्थलांतरितेतर व्हिसावरील व्यक्तीस बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि तेथील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा तिला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक होय. भारतात परस्परांपासून तोडलेले दोन परवाने तेथे असे एकत्र येतात.

अमेरिकेतीलच इलिनॉय राज्याचे उदाहरण महाराष्ट्रास अधिक जवळचे आहे. सपाट व वस्तीच्या त्या प्रदेशात रायफलची गोळी दूरवर जाऊन माणसास लागण्याचे भय असल्याने हरणासाठी दीर्घकाळ रायफलला बंदी होती आणि बारा बोअरसारख्या बंदुकीतून एकसंध गोळी वापरावी लागे. २०२३ पासून एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या काही रायफलींना तेथे मुभा मिळाली. हवेली वा शिरूरसारख्या दाट वस्तीच्या तालुक्यांत रायफलविषयीची शंका म्हणूनच रास्त आहे. परंतु त्यावरचा उपाय बारीक छर्रे हा नव्हे. तो एकसंध गोळीचे काडतूस हा आहे, आणि १९७२ च्या विधिकर्त्यांना तो ठाऊक होता.

वगळलेली कलमे पुन्हा आणण्यासाठी संसदेकडे जावे लागेल. त्याआधीही एक मार्ग मोकळा आहे. कलम ११ खालील परवानगी लेखी आदेशानेच द्यावयाची असल्याने, बंदुकीचा प्रकार, काडतूस, दिवसाची वेळ, पिल्लांसह असलेल्या मादीस वगळणे आणि जखमी प्राण्याचा माग काढण्याची जबाबदारी या अटी त्या आदेशाच्या कागदावरच नमूद करता येतात.