नव्या टाकीत जुना स्पंज

उन्हाळी सुट्टी लागली की बारामती-इंदापूर भागात घरे बदलण्याचा हंगाम येतो. कोणाची बदली होते, कोणी इंदापूर तालुक्यातले गाव सोडून बारामतीच्या एमआयडीसीजवळ खोली घेतो, कोणाचे स्वतःचे दोन खोल्यांचे घर उभे राहते. टेम्पोत कपाट, गाद्या, भांडी चढतात आणि सर्वांत शेवटी मुले माशांची टाकी घेऊन दारात उभी राहतात. पुष्कळदा नव्या घराच्या आनंदात टाकीही नवी, मोठी घेतली जाते. रंगीत खडी, नवा पंप, निवळशंख पाणी. मासे सोडले जातात, सारे घर कौतुकाने बघत बसते. आणि तीन-चार दिवसांत एकेक मासा उलटा होऊन तरंगू लागतो. मुले रडतात. शेजारी म्हणतात नजर लागली, आजी म्हणते घर लाभले नाही. वाचकहो, नजरेचा आणि घराच्या लाभण्याचा येथे काही संबंध नाही. मासे मरतात ते बहुधा टाकीच्या कोरेपणाने.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याची घाणही जाते. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशाला विषासारखा असतो. नदी-तलावात हे विष पसरून विरळ होते. दोन फुटांच्या काचेत ते साठत जाते. मग जुन्या टाकीत मासे जगतात कसे? तेथे डोळ्यांना न दिसणारे जंतू कामाला लागलेले असतात. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते. हे जंतू पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजला आणि तळाच्या खडीला चिकटून राहतात. कोऱ्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण मात्र पहिल्याच संध्याकाळी सगळे मासे सोडून मोकळे होतो.

म्हणून घर बदलताना जुना, मळलेला, शेवाळलेला स्पंज फेकू नये. आपल्या घरातल्या बायकांना स्वच्छतेची सवय, त्यामुळे निघण्यापूर्वी स्पंज साबणाने खसखसून धुतला जातो, खडी उकळत्या पाण्यातून काढली जाते. तेथेच घात होतो. नळाच्या क्लोरिनच्या पाण्यानेही हे जंतू मरतात. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतल्याच बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा. तो ओलाच पिशवीत घालून न्यावा, वाटेत सुकू देऊ नये, आणि पोहोचल्यावर नव्या टाकीत लगेच चालू करावा. नवा फिल्टर घेतला असेल तर महिनाभर जुना आणि नवा दोन्ही बरोबर चालवावेत. जुन्या खडीतली चार मुठी खडी पातळ कापडात बांधून नव्या टाकीत ठेवली तरी उपयोग होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आपल्या भागात विशेष आहे. बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याचे पाणी येते. त्याच कालव्यावर ऊस उभा राहिला, आणि वर्षानुवर्षे पाणी मुरून अनेक ठिकाणी जमिनी चोपण झाल्या, विहिरी मचूळ झाल्या. कालव्याकाठच्या गावांतून बोअरचे पाणी तापवले की भांड्याला पांढरा थर बसतो, डाळ लवकर शिजत नाही. असे जड, क्षारयुक्त पाणी नळाच्या पाण्यापेक्षा अगदी वेगळे. नळाच्या पाण्यातला मासा एकदम बोअरच्या पाण्यात टाकला तर त्याला धक्का बसतो. शिवाय अशा पाण्यात अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो, म्हणजे चूक तीच असली तरी शिक्षा जास्त. मचूळ पाण्याच्या गावी राहायचे असेल तर मोली, गप्पी, प्लॅटी हे मासे घ्यावेत, त्यांना असे पाणी मानवते. निऑन टेट्रासारखे नाजूक मासे तेथे नेऊन हाल करू नयेत.

नळाच्या पाण्यातील क्लोरिन घालवायला पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून त्यात पंपाचे बुडबुडे सोडावेत. घाई असेल तर दुकानात क्लोरिन मारणारे थेंब मिळतात. त्यांत बहुधा फोटो स्टुडिओवाले पूर्वी वापरत तोच हायपो असतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे दुपारचे पाणी कधीही ओतू नये. एप्रिल-मेमध्ये ते हाताला चटका देते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी.

बारामतीहून इंदापूर सुमारे ५० किलोमीटर. एवढ्या प्रवासासाठी मासे कसे न्यावेत हे भिगवण आणि उजनीकाठच्या मच्छीमार बांधवांकडून शिकावे. मत्स्यबीज नेताना आधी पिल्लांचे खाणे बंद ठेवतात, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून तोंड घट्ट बांधतात. आपल्याला सिलिंडर कुठला? पण पिशवी एक तृतीयांशच भरली आणि वर हवा ठेवली तरी दीड-दोन तासांच्या वाटेला चालते. पाणी जुन्या टाकीतलेच घ्यावे. एका पिशवीत मोजकेच मासे, पिशवी दुहेरी, आणि ती थर्मोकोलच्या खोक्यात. औषधाच्या दुकानात रिकामे खोके मागितले तर मिळते. एस.टी.त खिडकीच्या उन्हात ते ठेवू नये. काठोकाठ भरलेल्या अरुंद तोंडाच्या बाटलीत मासे कोंडून नेणे हा मात्र शुद्ध छळ आहे. निघायचे ते पहाटे किंवा उन्हे उतरल्यावर.

टाकीबद्दलही थोडे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे ५६ किलो वजन, खडी आणि काच वेगळी. टीव्हीच्या शोकेसची फळी हे वजन पेलत नाही. भरलेली टाकी तर कधीच उचलू नये, सांधे सुटतात. नवी टाकी आधी अंगणात दिवसभर भरून ठेवून गळते का पाहावे, आणि बसवताना खाली थर्मोकोल घालावा. सांधे घरीच भरणार असाल तर बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नये, त्यातले औषध माशांना मारते.

नव्या घरी पोहोचल्यावर बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हीकडची उष्णता सारखी होते. मग पिशवीतले मासे पाण्यासकट बादलीत घेऊन दर दहा मिनिटांनी टाकीतले एक वाटी पाणी त्यात घालावे. बादलीतले पाणी दुप्पट होईपर्यंत हे चालू द्यावे. पाण्यात फार फरक असेल तर तास-दीड तास लागला तरी घाई करू नये. शेवटी मासे जाळीने टाकीत सोडावेत. त्या रात्री दिवा बंद, खाणेही बंद.

पुढचे तीन-चार आठवडे जपण्याचे. मुले प्रेमाने मूठमूठ खाणे टाकतात, त्यांना समजावून चिमूटभरावर आणावे. दोन मिनिटांत संपेल तेवढेच. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले किंवा कल्ले लालभडक दिसले, तर पाव भाग पाणी काढून तयार ठेवलेले पाणी घालावे. दहा लिटरला चहाचा एक चमचा खडे मीठ विरघळवून टाकले तर नायट्राइटचा त्रास कमी होतो. काच चाटणाऱ्या सकर माशाला आणि पाणवनस्पतींना मात्र मीठ सोसत नाही.

सकरवरून आठवले. नवी टाकी लहान पडली, किंवा सकर वीतभर मोठा झाला, की काही जण तो ‘जीवदान’ म्हणून कालव्यात किंवा उजनीत सोडून येतात. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. अंगावर कडक कवच, पंखांना काटे, त्याने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. तो उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. १९५२ साली परदेशातून भारतात आणलेली चिलापी आज उजनीत सर्वत्र झाली आहे, पण ती निदान विकली तरी जाते. ज्यांची चूल उजनीच्या जाळ्यावर पेटते त्यांच्या ताटात आपण असा मासा का सोडावा? तो दुकानदाराला परत द्यावा, बहुतेक जण घेतात. नाही घेतला तर मोठी टाकी असलेल्या घरी विचारावे.