डावातला तिसरा

३० ऑगस्ट २०२० रोजी बुद्धिबळाच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात झाला. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. करोनामुळे लाकडी पट, घड्याळ आणि समोरची खुर्ची हे सगळंच बाजूला पडलं होतं. खेळाडू आपापल्या ठिकाणी संगणकासमोर बसून खेळत होते. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा सर्व्हरशी संपर्क तुटला, घड्याळ मात्र चालतच राहिलं आणि दोघांचेही डाव वेळ संपल्यामुळे गेले. आधी रशियाला विजेता ठरवण्यात आलं. भारताने दाद मागितली. त्या वेळी इंटरनेटची एक मोठी सेवाच जगभर कोलमडली होती, हे स्पष्ट झालं आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी सुवर्णपदक दोन्ही संघांना विभागून दिलं. गंमत अशी की त्याच स्पर्धेत आधी आर्मेनियाच्या एका खेळाडूचा निहालविरुद्धच्या डावात संपर्क तुटला होता. आर्मेनियाचं अपील मात्र फेटाळलं गेलं आणि दुसरी फेरी न खेळताच तो संघ स्पर्धेबाहेर पडला.

या दोन्ही प्रसंगांत कोणी फसवणूक केली नव्हती. तरी ऑनलाइन खेळांतल्या फसवणुकीचा विचार इथूनच सुरू करायला हवा, कारण त्याचं मूळ दुखणं इथे उघडं पडतं. ऑनलाइन पंचाला खेळाडू दिसत नाही. त्याला दिसतो तो पडदा आणि सर्व्हरवरची नोंद. तुटलेली तार, थकलेला मेंदू, अचानक सुचलेली अफलातून खेळी आणि टेबलाखालचा मोबाइल यांचे ठसे त्या नोंदीत कधीकधी अगदी सारखेच उमटतात. त्यामुळे ‘अधिक चांगलं पकडणारं सॉफ्टवेअर आणा’ एवढ्यावर हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. पकडणं आवश्यक आहेच. पण फसवणूक खरोखर कमी होते ती दोन गोष्टींनी: फसवायला लागणारा कच्चा माल खेळाडूच्या हाती न दिल्याने आणि ज्या निकालावर पैसा, पदक किंवा निवड अवलंबून आहे तो निकाल माणसांच्या डोळ्यांसमोर लावल्याने.

बुद्धिबळात हा कच्चा माल प्रत्येकाच्या खिशात आहे, ही त्या खेळाची खास अडचण. १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला डीप ब्ल्यू नावाचं अवाढव्य यंत्र लागलं. २००९ साली ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत मोबाइलवर चालणाऱ्या पॉकेट फ्रिट्झने दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. आज स्टॉकफिशसारखं इंजिन फुकट मिळतं आणि साध्या फोनवरही ते जगज्जेत्याला भारी पडतं. म्हणजे इथे फसवायला तांत्रिक कौशल्य लागतच नाही. शेजारी दुसरा फोन ठेवला की झालं. संगणकावरच्या बंदुकांच्या खेळांत गोष्ट वेगळी आहे. भिंतीमागे लपलेला शत्रू पडद्यावर दिसत नसला, तरी तो कुठे आहे ही माहिती बऱ्याचदा तुमच्या संगणकात आधीच येऊन पडलेली असते. नाहीतर तो आडोशातून बाहेर आल्यावर क्षणभर उशिरा दिसला असता. ‘वॉलहॅक’ ही माहिती वाचतो आणि ‘एमबॉट’ नेम धरून देतो. सर्व्हरने गरजेपुरतीच आणि ऐनवेळीच माहिती पाठवली, खेळाडू किती वेगाने धावू शकतो हे त्याच्या संगणकाला न विचारता सर्व्हरनेच ठरवलं, तर कित्येक युक्त्या जन्मालाच येत नाहीत. हे काम खर्चिक आहे आणि त्यात कसलाही गाजावाजा नाही, म्हणून कंपन्या बॅन केलेल्या आयडींचे आकडे जाहीर करण्यात जास्त रमतात, अशी शंका येते.

पकडण्याच्या बाजूलाही हुशारीचे नमुने आहेत. ‘डोटा २’ या खेळात व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ च्या फेब्रुवारीत सापळा लावला. सामान्य खेळाडूच्या संगणकाने कधीच वाचू नये अशी माहिती एका कोपऱ्यात ठेवली. ती वाचू शकत होतं फक्त फसवणुकीचं सॉफ्टवेअर. चाळीस हजारांहून अधिक खाती एका फटक्यात बंद झाली. यात संशयाला जागाच नव्हती आणि म्हणून तक्रारीलाही नव्हती. बुद्धिबळात असा सापळा लावता येत नाही, कारण उत्तम खेळी हा काही गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तिथे संख्याशास्त्राची मदत घ्यावी लागते. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे केनेथ रीगन यांनी त्यासाठी पद्धत विकसित केली. एखाद्या मानांकनाचा खेळाडू इंजिनाशी साधारण किती जुळेल याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष खेळ त्यापासून किती दूर गेला ते मोजायचं.

ही मोजणी उपयोगी आहे, पण तिची मर्यादा हिशेब करून पाहावी. समजा एका ऑनलाइन स्पर्धेत दहा हजार मुलं उतरली आणि त्यांतली शंभर लबाडी करतात. चाचणी नव्व्याण्णव टक्के अचूक आहे. ती शंभरपैकी नव्व्याण्णव लबाडांना पकडेल. आणि उरलेल्या नऊ हजार नऊशे प्रामाणिक मुलांपैकीही नव्व्याण्णव जणांना पकडेल. यादीतला निम्मा भाग निर्दोष! कसोटी कडक करावी, तर निर्दोष सुटतात, पण डावात एखाददुसऱ्या निर्णायक क्षणीच इंजिनाचा सल्ला घेणारा सराईतही सुटतो. आणि अव्वल दर्जाच्या खेळाडूला तेवढा इशाराही पुरतो. म्हणून आकड्यांनी संशयिताकडे बोट दाखवावं, शिक्षा मात्र केवळ आकड्यांच्या भरवशावर देऊ नये. अपवाद करायचाच, तर आकडा इतका टोकाचा हवा की योगायोगाची शक्यता उरू नये.

सिद्ध न झालेल्या आरोपाची किंमत बुद्धिबळाच्या जगाने पाहिली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईसच्या सिंकफील्ड चषकात तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन हा तरुण ग्रँडमास्टर हान्स नीमनकडून हरला आणि स्पर्धा सोडून निघून गेला; नीमनने फसवलं असा संशय पसरला. नीमनने बाराव्या आणि सोळाव्या वर्षी ऑनलाइन फसवणूक केल्याचं कबूल केलं. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाने बहात्तर पानांचा अहवाल काढून त्याने शंभराहून अधिक ऑनलाइन डावांत फसवलं असावं, असं म्हटलं. पण पटावर समोरासमोर त्याने फसवलं याचा पुरावा कोणालाच देता आला नाही. नीमनचा दहा कोटी डॉलरचा दावा, मग तो फेटाळला जाणं, मग २०२३ मध्ये समेट. दुसरं उदाहरण अधिक दुःखद आहे. अमेरिकेचा लोकप्रिय ग्रँडमास्टर डॅनियल नॅरोडिट्स्की याच्या ऑनलाइन खेळावर माजी जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक दीर्घकाळ जाहीर संशय घेत राहिला. नॅरोडिट्स्कीने तो सतत नाकारला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो वारला. एका घटनेमुळे दुसरी घडली असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण फिडेने क्रामनिकची जाहीर वक्तव्यं आपल्या शिस्त समितीकडे पाठवली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. समाजमाध्यमांवर चालणारा खटला हा न्याय नव्हे, करमणूक आहे.

आता समोरासमोरच्या निकालाबद्दल. यावर पहिला आक्षेप असा की समोर बसूनही लोक फसवतातच की. खरं आहे. २००६ साली दिल्लीतल्या स्पर्धेत एका भारतीय खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ सापडला आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. २०१९ साली स्ट्रासबर्गमध्ये इगोर्स राउसिस हा ग्रँडमास्टर स्पर्धा चालू असताना शौचालयात मोबाइल पाहताना सापडला. त्याचा किताब गेला आणि सहा वर्षांची बंदी आली. २०१८ साली शांघायमध्ये काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या खेळाच्या स्पर्धेत ‘फोरसेकन’ या नावाने खेळणाऱ्या भारतीय खेळाडूच्या संगणकात एमबॉट निघाला. फाइलचं नाव होतं ‘वर्ड’, जणू काही तो पत्रं टाइप करत बसला होता. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि ऑप्टिक इंडिया हा त्याचा संघच मोडला. पण या तीनही प्रकरणांत वाद कुठे उरला? टोपी, फोन, फाइल: प्रत्येक ठिकाणी हातात धरून दाखवता येईल अशी वस्तू सापडली. माणसांना जवळ जाऊन पाहता आलं. ऑनलाइन नेमकी हीच सोय नसते. समोरासमोर फसवणूक अशक्य होते असा माझा दावा नाही. ती अवघड होते आणि सापडली की सिद्ध होते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. बक्षीस काढून घेतलं की लबाडी थांबते, हेच मुळी खोटं नाही का? जून २०२१ मध्ये करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन खेळला. ना बक्षीस, ना मानांकन. तरी झीरोधाचे सहसंस्थापक निखिल कामत यांनी संगणकाची आणि जाणकारांची मदत घेऊन त्याला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पैशाचं आमिष नसलं, तरी लोकांसमोर मिरवण्याचं असतंच. लहानपणी गल्लीत गोट्या खेळताना रडीचा डाव टाकणाऱ्यालाही काही मिळायचं नसे. पण आनंदविरुद्धच्या त्या डावात दुसऱ्या कोणाचा हक्क हिरावला गेला नव्हता, म्हणून प्रकरण माफीवर मिटलं. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, प्रो चेस लीगच्या अंतिम सामन्यात विजेत्या आर्मेनिया ईगल्स संघाच्या एका ग्रँडमास्टरवर ठपका आला तेव्हा अख्ख्या संघाचं विजेतेपद काढून घ्यावं लागलं आणि कटुता उरली ती उरलीच. निकालावर पणाला लागणारं मोल लहान ठेवलं, तर लबाडी शून्यावर येणार नाही, तिने होणारं नुकसान मात्र आटोक्यात राहतं.

तिसरा आक्षेप नाशिक जिल्ह्यात बसून टाळताच येणार नाही असा आहे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरच्या मुलीला नाशिकला येऊन खेळणं म्हणजे एसटीचं तिकीट, मुक्काम आणि पालकाचा बुडालेला रोजगार. ऑनलाइन खेळाने तिच्यासाठी दार उघडलं. टाळेबंदीत विदित आणि विनोदकार समय रैना यांच्या प्रक्षेपणांनी बुद्धिबळ ज्या घरांत पोहोचलं, त्या घरांत याआधी पटही नव्हता. ते दार बंद करायचं का? मुळीच नाही. पण तिच्यावर ऑनलाइन पहारा ठेवणं हा उपायही तिच्याच विरोधात जातो. दोन कॅमेरे, अखंड इंटरनेट, स्वतंत्र शांत खोली, खोलीत दुसरं कोणी नको: या अटी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या प्रशस्त सदनिकेत पुऱ्या होतात, सातपूरच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत मागून आजी फिरली तरी पंचाच्या भुवया उंचावतात. संगणकाच्या गाभ्यात शिरून सगळ्यावर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ रायट कंपनीचं व्हॅनगार्ड, प्रभावी असतात. पण खेळासाठी घरातल्या संगणकाची किल्ली परक्या कंपनीला द्यावी का, हा प्रश्न आई-वडिलांनी विचारायला हवा.

मधला मार्ग असा: चाळणी फेऱ्या ऑनलाइन, मुबलक, फुकट आणि निकालाला फार वजन न देणाऱ्या. त्यांतून निवडलेल्यांचे सामने तालुक्याच्या शाळेत, गावातल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, फोन दाराबाहेर ठेवून. जिल्ह्याचा अंतिम निकाल नाशिकला, आणि लांबून येणाऱ्यांचा प्रवासखर्च प्रवेश शुल्कातून किंवा प्रायोजकाकडून. ऑनलाइन पहिला आलेला तालुक्याला ढेपाळला, तर त्याला लबाड ठरवायची गरजच पडत नाही. तो फक्त पुढे जात नाही. आरोप न करता गाळणारी ही व्यवस्था मला कुठल्याही हुशार सॉफ्टवेअरपेक्षा माणुसकीची वाटते.

कायद्याचं काय? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. त्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. त्याचा रोख मुख्यतः व्यसन आणि आर्थिक लुबाडणूक यांच्यावर आहे. दक्षिण कोरियाने याआधीच, २०१६ साली, फसवणुकीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आणि वाटणाऱ्यांना तुरुंगवासाची तरतूद केली. नेम तिकडेच धरायला हवा. बीजीएमआय या मोबाइलवरच्या खेळासाठी हॅक विकून पैसे कमावणारा आणि तो पॉकेटमनीतून विकत घेणारा नववीतला मुलगा यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. अल्पवयीन खेळाडू सापडला तर नाव जाहीर न करता, ठरावीक मुदतीची ऑनलाइन बंदी द्यावी, कबुली दिल्यास ती कमी करावी, आणि त्या काळात पंचांसमोर बसून खेळायची मुभा मात्र काढून घेऊ नये.