लोणा आणि पाण्याचा पापुद्रा
रेणूंची गणिते : लेखांक ७

झाशीच्या ओरछा दरवाजाचे नाव निघाले की १८५८ चा एप्रिल आठवतो. राणी लक्ष्मीबाईंच्या बाजूच्या दुल्हाजूने फितूर होऊन हाच दरवाजा इंग्रजांना उघडून दिला, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नारो शंकरांपासून नेवाळकरांपर्यंतच्या मराठी सुभेदारांनी हे शहर वाढवले, म्हणून ती गोष्ट आपल्यालाही घरची वाटते. या लेखांकात मात्र तिथल्यासारख्या जुन्या बांधकामाकडे रसायनशास्त्राच्या बाजूने पाहू: दगड, चुना आणि त्यात मुरणारे पाणी.

भिंतीला लोणा कसा लागतो, हे जुन्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. जमिनीतली ओल वर चढते, येताना क्षार आणते. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात पाणी उडते आणि क्षार चुन्याच्या बारीक छिद्रांत स्फटिक होऊन बसतात. त्यात सोडियम सल्फेट सगळ्यांत वाईट. त्याच्या कोरड्या स्फटिकाने पाण्याचे १० रेणू सामावून घेतले की आकारमान जवळजवळ चौपट होते.

आकारमान वाढले म्हणून भिंत फुटली, असे आपण सहज म्हणतो. पण तेवढ्याने भागत नाही. स्फटिक वाढून भिंतीवर दाब द्यायचा, तर दोघांच्या मधल्या फटीत नवे आयन पोहोचत राहिले पाहिजेत. म्हणजे तिथे पाण्याचा पापुद्रा टिकायलाच हवा, जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा. तो नसता तर स्फटिक छिद्राच्या भिंतीला चिकटून तिथेच थांबला असता. भिंत पोखरते ती या पापुद्र्याच्या आधाराने, आणि तो टिकतो कसा हे शोधण्यात संगणकीय रसायनशास्त्रातले अनेक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, आपली उमेदीची वर्षे घालवतात.

त्यांचे काम जवळून पाहू. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन शेवटी कॅल्साइट होतो. संगणकात कॅल्साइटचे काही थर रचायचे, वर पाणी ओतायचे आणि प्रत्येक अणूवरचे बल मोजून त्याला किंचित पुढे सरकवायचे. एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचे. एक नॅनोसेकंद पाहायचा तर अशी दहा लाख पावले. या पद्धतीचे एक आद्य प्रवर्तक हैदराबादचे अनीसुर रहमान. त्यांनी १९६४ साली अमेरिकेत आर्गॉनच्या ८६४ अणूंचा द्रव संगणकात हलवून दाखवला. आपल्याकडच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव ठळकपणे यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

बल मोजताना इलेक्ट्रॉनांचा हिशेब नीट केला, तर काहीशे अणूंवरच थांबावे लागते. ठोकताळ्याची सूत्रे वापरली, तर लाखो अणू हाताळता येतात, पण आयन पृष्ठभागाला धरतो-सोडतो त्या नेमक्या क्षणी ती दगा देतात. पुण्याला विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या रेणूचे तुकडे पाडून, प्रत्येकाचा हिशेब वेगळा करून, पुन्हा जोडण्याची पद्धत विकसित केली, ती अशाच अडचणीतून. अलीकडे अचूक हिशेबावर यंत्राला शिकवून तयार केलेली सूत्रे मधली वाट देतात. बेलर आणि पारिनेल्लो यांचा २००७ चा शोधनिबंध तिथला मैलाचा दगड.

या गणितांतून दिसते ते असे. कॅल्साइटला लागून असलेले पाणी बादलीतल्या पाण्यासारखे वागत नाही. पहिल्या थरातले रेणू कॅल्शियमला धरून बसतात, पृष्ठभागापासून सुमारे सव्वादोन अँगस्ट्रॉमवर. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. तीन अँगस्ट्रॉमच्या पुढे दुसरा थर, तो कार्बोनेटच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधांनी अडकलेला. क्ष-किरणांच्या प्रयोगांतही हेच दोन थर दिसले, म्हणून गणितावर भरवसा ठेवता येतो. समोरून क्षाराचा स्फटिक दाबत आला तरी हे रेणू सहजी जागा सोडत नाहीत. पापुद्रा टिकण्याचे हे एक मोठे कारण.

हे काम करणाऱ्या पोस्टडॉकच्या हाती वेळ मात्र थोडा: राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. आयन सुटण्यासारख्या दुर्मीळ घटनेची वाट पाहत बसलो, तर तेवढ्यात काहीच हाती लागणार नाही. म्हणून आयनाला कृत्रिमरीत्या थोडेथोडे दूर ओढून, प्रत्येक ठिकाणी लागणाऱ्या ऊर्जेची नोंद करतात. फॉस्फोनेट गटातली संयुगे स्फटिकांची वाढ रोखतात, हे प्रयोगांतून माहीत आहे. त्यांतले कोणते कॅल्साइटला किती घट्ट धरते, हे अशा गणितातून आधी कळले, तर जुन्या भिंतीवर आंधळे प्रयोग करावे लागत नाहीत. असा विचार न करता नुसता सिमेंटचा गिलावा मारला की लोणा दिसेनासा होतो खरा, पण ओल शेजारच्या चुन्यातून वाट काढते आणि तिथला सांधा पोखरू लागते.